कपाटातलं वकीलपत्र

७ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचा खुबा मोडला. स्टुलावर चढून वरचा डबा काढत होती. वय अडुसष्ट, आणि स्टूल तिच्याहून म्हातारं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही. तिला त्याचं काही नाही, काळजी एकच, मंगळवार-शुक्रवारची भेट चुकणार.

शहराबाहेर जुन्या शीतगोदामाचं केंद्र केलंय. दुसऱ्या देशातून जीव वाचवायला आलो असं म्हणणाऱ्यांना निकाल लागेपर्यंत तिथे डांबून ठेवतात. ताई चार वर्षं तिथे जाते, त्यांच्याशी बोलत बसते, कागद वाचून दाखवते. आता म्हणे तू जा.

मी म्हणालो, एकतीस वर्षं मी दाखले तपासणीच्या टेबलावर काढली. जन्माचे, मृत्यूचे, शाळा सोडल्याचे. खोटा दाखला माझ्या हातून सुटलेला नाही. असल्या लोकांवर माझा विश्वास बसायचा नाही.

"विश्वास ठेवायला कोण सांगतंय?" ताई म्हणाली. "जाऊन बस."

बायको गेल्यापासून मी ताईकडेच राहतो. तिच्यापुढे माझं कधी चाललेलं नाही. जाईन, पण डोळे उघडे ठेवून. त्यासाठीच ही वही. उद्या काही भानगड निघाली तर आपल्याकडे तारीखवार नोंद असावी.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

फाटकावर मोबाइल, पेन, किल्ल्या काढून घेतल्या. आत टेबलं जमिनीला स्क्रूने बसवलेली. थंडी अजून भिंतीतून गेलेली नाही.

ताई ज्याला भेटते त्याला ती घड्याळदादा म्हणते. चाळिशीचा, काटकुळा, आपली भाषा तोडकीमोडकी बोलतो, पण कळतं. तिकडे घड्याळं दुरुस्त करायचा. बसल्याबसल्या माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, साहेब, तुमचं चार मिनिटं मागे आहे. घरी येऊन पाहिलं, होतं. गारुडीसुद्धा आधी असाच एक चमत्कार दाखवतो आणि मग झोळी पुढे करतो.

ताईची चौकशी केली. डोळ्यांत पाणी आलं. लगेच आलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्याने आपली हकीकत सांगितली. बाजारात टपरीवजा दुकान होतं. घड्याळ उघडलं की आतल्या झाकणावर सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, ही कारागिरांची पद्धत. एक दिवस लष्करातला एक अधिकारी घड्याळ दुरुस्तीला टाकून गेला. याने झाकण उघडलं तर आत याचीच खूण. घड्याळ एका गिऱ्हाइकाचं, आणि ते गिऱ्हाईक सहा महिन्यांपासून बेपत्ता. हा उठला आणि त्या माणसाच्या बायकोला जाऊन सांगून आला. आठ दिवसांत दुकान फोडलं, याला दोन रात्री उलटा टांगला. सुटल्यावर पळाला.

ऐकायला छान आहे. फारच छान आहे. खरी हकीकत इतकी नीट बसत नाही, तिला कुठेतरी ठिगळ असतं.

त्या बाईचं नाव विचारलं. सांगितलं नाही. टेबलाकडे बघत बसला. मी मनात खूण केली.

बाहेर पडताना कोटवाले भेटले. सरकारी यादीवरून याला नेमून दिलेले वकील ते हेच. इस्त्रीचा कोट, बूट चकचकीत, मला स्वतः खुर्ची ओढून दिली. सरकारी कामकाजातला माणूस समोरच्या सरकारी माणसाला ओळखतो. सहज म्हणाले, त्याचा भाऊ शिक्षक होता, त्याला शाळेतून उचलून नेलं, अर्जात तसं आहे, पण प्रकरण लंगडं आहे.

भाऊ? मला तर तो म्हणाला होता की तीन बहिणी, भाऊ नाही. विसरावा असा भाऊ कुणाला असतो? सापडलं ठिगळ.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चिरंजीवांचा फोन. परदेशात कायम राहायच्या परवान्यासाठी त्याची मुलाखत झाली. एकच प्रश्न तीन-तीनदा विचारला, पहिल्या नोकरीची तारीख याला आठवेना, तर समोरच्या बाईने संशयाने पाहिलं म्हणे. माणूस गोंधळला की तारखा चुकतो, एवढं त्या बाईला कळू नये? कुणाला बसवतात असल्या खुर्च्यांवर कोण जाणे. दिवसभर डोकं फिरलं होतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज फेटाळला. १५ तारखेला निकाल त्याच्या हातात दिला. कारण जे मी ओळखलं तेच, लेखी अर्जात भाऊ, तोंडी जबाबात भाऊ नाही, सबब अर्जदार विश्वासार्ह नाही. मला अभिमान वाटला असं लिहीत नाही, पण नजर अजून शाबूत आहे एवढं खरं. खाली बारीक अक्षरात, चौदा दिवसांत अपील.

तो म्हणाला, माझा भाऊ यांनी कुठून आणला? मी म्हणालो, ते तुम्हालाच ठाऊक.

फाटकाबाहेर एक मुलगी माझी वाट बघत उभी. स्कूटर, केस विस्कटलेले, फायली चक्क भाजीच्या पिशवीत. ताईने पाठवलं म्हणाली. वकील आहे, असल्या लोकांची प्रकरणं फुकट चालवते. "काका, माझं नाव कागदावर नाही म्हणून मला आत सोडत नाहीत. एवढ्या वकीलपत्रावर त्याची सही आणाल? आणि निकाल लागला असेल तर त्याची प्रत. मग मी सगळं बघते."

निकाल लागलाय हे मी तिला बोललो नाही. न विचारता सांगण्याची सवय मला नाही. फुकट चालवते म्हणजे काय? फुकटच्या गाईला शिंगं असतातच. पण ताईचं नाव घेतलं म्हणून कागद पहारेकऱ्याकडे आत दिला. आतला-बाहेरचा कागद त्यांच्या हातूनच जातो, आणि पुढच्या भेटीला परत मिळतो.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलपत्र सही होऊन आलं, सोबत निकालाची प्रत. दुपारी खिडकीशी बसून दोन्ही सह्या भिंगाखाली धरल्या. निकालाच्या पोचेवर त्याची सही त्याच्या लिपीत, एका झटक्यात केलेली. वकीलपत्रावर आपल्या अक्षरांत, अंगणवाडीतल्या पोरासारखी, प्रत्येक अक्षर वेगळं उभं केलेलं. एका माणसाच्या दोन सह्या अशा असत नाहीत. आत कुणीतरी याच्या नावाने सह्या करतंय, किंवा ही पिशवीवाली करवून घेतेय.

त्यालाच विचारता आलं असतं. पण चोराला विचारून चोरी कळत नाही.

दोन्ही कागद कपाटात, धुतल्या चादरींखाली ठेवले. खात्री झाल्याशिवाय पुढे द्यायचे नाहीत. टेबलावर असतानाही हाच नियम होता.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पिशवीवालीचा फोन, आज दुसरा. सही झाली का काका? मी म्हणालो, अजून मिळाली नाही. हे खोटं म्हणता येणार नाही. खात्रीची सही अजून मिळालेलीच नाही.

ताईने खोलीतून विचारलं, कुणाचा फोन? चुकून लागला म्हणालो.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

वकीलपत्र खिशात घालून नेलं आणि प्रतीक्षागृहात कोटवाल्यांना दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. म्हणाले, साहेब, तुमच्यासारखी बारकाईने बघणारी माणसं राहिली नाहीत. ही बाई चालू प्रकरणात नाक खुपसून ती बिघडवते. कागद तुमच्याजवळच राहू द्या.

अपिलाचं विचारलं. आपण बघू म्हणाले. मन हलकं झालं. आपल्या हातून चूक होत नाहीये, असं जाणत्या माणसाने सांगितलं की बरं वाटतं.

फक्त एक. एवढ्या वेळात त्यांनी घड्याळात तीनदा पाहिलं. आणि आत जाऊन आपल्या अशिलाला भेटले नाहीत, तिथूनच परत गेले.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याने विचारलं, त्या वकीलबाईंना कागद दिला का? मी म्हणालो, काम चालू आहे.

"किती चांगलं केलंत, साहेब," तो म्हणाला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं. सहावी भेट ही.

शेंगा खाल्ल्या तरी टरफलं सापडू नयेत याची खबरदारी असे लोक घेतात, हे मला माहीत आहे. तरी घरी येऊन जेवण गेलं नाही.

३ मार्च, शुक्रवार

त्याला १५ तारखेला परत पाठवणार. विमानाची वेळसुद्धा कागदावर आहे. मुदतीत अपील आलं नाही, सबब निकाल कायम.

कोटवाल्यांना तीन फोन केले. तिसऱ्याला कारकून म्हणाला, साहेब बाहेर आहेत, आणि ते प्रकरण तर बंद झालं ना?

आत त्याला भेटलो. आरडाओरडा करील, पाया पडेल, असं वाटलं होतं. मला म्हणाला, बाईंनी खूप प्रयत्न केला असेल, त्यांना माझा नमस्कार सांगा.

५ मार्च, रविवार

सकाळी ताईला सगळं सांगितलं. म्हणजे परत पाठवणार आहेत एवढंच. तिने तारीख विचारली. मग म्हणाली, माझ्या पलंगाखालची ट्रंक ओढ.

आत चार वर्षांच्या फायली. ज्यांना ती भेटली त्यांच्या अर्जांच्या प्रती. म्हणाली, वाच, तुझी नजर चांगली आहे ना. मला वाटलं टोमणा आहे. होताच बहुतेक.

पहिली फाईल एका गवंड्याची. मजकूर, "माझा भाऊ शिक्षक होता. त्याला शाळेतुन उचलुन नेण्यात आले." दुसरी एका स्वयंपाक्याची. माझा भाऊ शिक्षक होता. तिसरी फाईल बाईमाणसाची, तिलाही शिक्षक भाऊ, तोही शाळेतूनच नेलेला. चौथीत तेच. चारही ठिकाणी "शाळेतुन" आणि "उचलुन" ऱ्हस्व. चारही अर्जांखाली कोटवाल्यांचा शिक्का.

वीस वर्षांपूर्वी एका छापखान्याने शाळेचे बनावट दाखले काढले होते, ते मी याच युक्तीने पकडले होते. एकच चूक सगळीकडे. तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली होती.

कोटवाल्यांकडे एकच हकीकत आहे. वरचं नाव बदलतात, बाकी तसंच उतरवतात. घड्याळवाल्याला भाऊ कधी नव्हताच. भाऊ यांनी दिला, आणि मग भाऊ नाही म्हणाला म्हणून तो खोटा ठरला. आणि त्याला खोटा ठरवायला कचेरीच्याही आधी मी होतो.

ताईला कपाटाचं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी तुला बसायला पाठवलं होतं रे."

६ मार्च, सोमवार

कागद घेऊन पिशवीवालीकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानावर माडीवर एक खोली. खुर्च्या दोनच, तिसऱ्या माणसाने खिडकीत बसायचं. फायली पिशवीत का, तेही कळलं. खोलीत कपाटच नाही.

निकालाची तारीख वाचली आणि तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले, आणि एकदम कामाला लागली. म्हणाली, विलंब माफीचा अर्ज करता येतो. मात्र उशीर अशिलाचा नव्हता हे दाखवावं लागेल. मला म्हणाली, ताई पडल्या, दवाखान्याची धावपळ, त्यात कागद घरी राहून गेला, असंच झालं ना काका? तसं तुमचं प्रतिज्ञापत्र घेऊ.

मला आयती पळवाट मिळत होती. आणि देणारीला ती पळवाट आहे हेही माहीत नव्हतं. मी होय म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. एकतीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर अशीच कारणं घेऊन उभे राहायचे. आजारपण, धावपळ, राहून गेलं. मी प्रत्येकाकडून पुरावा मागितला.

म्हणालो, राहून गेला नाही. मी लपवून ठेवला. तेरा दिवस. फोनवर तुमच्याशी खोटं बोललो. मला वाटलं तुम्ही ठग आहात.

 तिने कोरा कागद पुढे सरकवला. "हेच लिहा. काही गाळू नका."

चार पानं झाली. ताईच्या फायलींतले चार अर्जही जोडले. स्वतःच्या सहीला इतका वेळ मला आयुष्यात लागला नव्हता.

७ मार्च, मंगळवार

त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. ताई म्हणाली, दुसरं कुणी सांगण्याआधी तू सांग.

सांगितलं. तो ऐकत होता. मध्ये एकदाच बोलला. सह्या वेगळ्या का, असं मी विचारलं तेव्हा. म्हणाला, "इथलं कोर्ट, म्हणून इथल्या अक्षरात केली. एक महिना शिकत होतो. आमची सही उजव्याने सवयीने एका झटक्यात होते, पण नवी अक्षरं त्या हाताला वळत नाहीत, डाव्याने केली."

मग उठून गेला. भेटीची वीस मिनिटं शिल्लक होती. पहारेकरी म्हणाला, बसायचं तर बसा, वेळ तुमचीच आहे. मी बसलो.

१० मार्च, शुक्रवार

आज सुनावणी. कोर्ट म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची साधी खोली. न्यायाधीशबाई वयाने माझ्याएवढ्या. त्याला आणलं नव्हतं, आणत नाहीत. कोटवाले आले होते. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, मग माझं प्रतिज्ञापत्र वाचायला दिलं गेलं तेव्हा हसायचे थांबले. शिक्षक भावांबद्दल विचारलं तर म्हणाले, कामाचा बोजा फार आहे, नमुना मजकूर कारकून भरतो. कारकुनाला बोलवा असं बाई म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं.

सरकारी वकील म्हणाले, हा म्हातारा अर्जदाराच्या गोटातला आहे, त्याला वाचवायला दोष अंगावर घेतोय. मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, याहून चार शब्द जास्तच.

बाईंनी मला उभं केलं. कागद का ठेवून घेतला ते थोडक्यात सांगा म्हणाल्या.

"मला वाटलं, हा माणूस खोटं बोलतोय."

"आणि आता काय वाटतं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. वकीलबाईसुद्धा. तो खरा आहे असं म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण शपथ घेतली होती, आणि ते घड्याळ मी पाहिलेलं नाही, त्याचं झाकणही नाही.

म्हणालो, "अजून मला माहीत नाही. पण ते ठरवायचं काम माझं नव्हतं, बाई. ते तुमचं होतं. मी कागद तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. विलंब माफ. परत पाठवण्याला स्थगिती. नवीन वकिलाला आत जाऊ द्यावं. अर्ज पहिल्यापासून, नव्या जबाबासह ऐकला जाईल.

जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, जिंकलो नाही काका, फक्त दार उघडलं. मग म्हणाल्या, अजून माहीत नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं, गेलं हातातून.

मलाही.

१४ मार्च, मंगळवार

गेलो. तो भेटीला आला नाही. वीस मिनिटं बसून परत.

१७ मार्च, शुक्रवार

आला नाही. ताई म्हणते, का यावं त्याने? मी म्हणालो, न येऊ दे, मी बसतो. तिने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं आणि म्हणाली, येताना मला संत्री आण.

२१ मार्च, मंगळवार

आज आला.

बसला, ताईचा खुबा कसा आहे विचारलं. अजून पलंगावरच आहे, म्हणालो.  शेजारच्या टेबलावर कुणीतरी रडत होतं.

मग तो म्हणाला, गुरुवारी नवा जबाब आहे. वकीलबाई त्या घड्याळवाल्या बाईचं नाव मागताहेत. नाव सांगितलं नाही तर हकीकत पुन्हा अर्धीच राहील. पण जबाब घ्यायला दुभाषी असतो, वकीलबाई भेटायला येतात तेव्हाही तोच शेजारी बसतो, आणि तो आमच्याच शहरातला आहे. त्याचे कोण कुठे आहेत, मला माहीत नाही. त्याच्यासमोर नाव उच्चारलं आणि तिकडे पोचलं, तर त्या बाईचं काय होईल?

मी विचारलं, म्हणून मलाही सांगितलं नव्हतंत?

तो म्हणाला, "मी हकीकत सांगितली त्या दिवशी तुम्ही नाव विचारलंत ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही त्यांचा माणूस."

म्हणजे महिनाभर एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही एकमेकांवर पाळत ठेवत होतो. मला हसू आलं. त्यालाही थोडं आलं असावं, पक्कं सांगता येत नाही.

मग तो टेबलावर वाकला. पहारेकऱ्याची पाठ होती. आवाज इतका खाली की मला कान पुढे न्यावा लागला. त्या बाईचं नाव सांगितलं, आणि तिची बहीण दुसऱ्या देशात कुठे राहते ते. फक्त वकीलबाईंना सांगा, म्हणाला. त्या बहिणीमार्फत तिला विचारून घेतील. ती हो म्हणाली तरच नाव कोर्टात.

मी म्हणालो, अजून तुमच्यावर माझा पुरता विश्वास नाही, हे माहीत आहे ना तुम्हाला?

"माहीत आहे," तो म्हणाला. "कोर्टात तुम्ही तेच बोललात, वकीलबाईंनी सांगितलं. आणि एखादी गोष्ट दाबून ठेवायला तुम्हाला जमतं. ही ठेवा."

केंद्रातून निघालो तो घरी न येता थेट झेरॉक्सच्या माडीवर गेलो. रस्ताभर मनात नाव घोकत होतो, एक अक्षर चुकू नये म्हणून. वकीलबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही, मीही त्यांना लिहू नका म्हणालो.

जे पाहीन, ऐकीन ते सगळं नोंदवायला ही वही घातली होती. ते नाव यात लिहीत नाही.